क्रियाविशेषण कोठे बसते?

शिंदखेडा, नरडाणा किंवा दोंडाईचा येथील मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेकडे वळला, की त्याचे पाठ्यपुस्तक, प्रयोगवही आणि बहुतेक वेळा प्रश्नपत्रिकाही इंग्रजीत होते. या वेळी त्याला शब्दसंग्रहाची चिंता वाटते. प्रत्यक्षात अवघड शब्द शब्दकोशात सापडतात आणि पारिभाषिक शब्द वर्षभरात अंगवळणी पडतात. अडचण येते ती ओन्ली, निअर्ली, हार्डली, जनरली, नेव्हर अशा छोट्या शब्दांची. त्यांचा अर्थ त्याला ठाऊक असतो, पण वाक्यात ते कोठे बसले आहेत आणि तेथे बसून काय करीत आहेत, हे त्याने कधी पाहिलेले नसते. प्रश्नातला असा एक शब्द निसटला, की विषय येत असूनही उत्तर चुकते.

हे सारे शब्द क्रियाविशेषणे आहेत. व्याकरणाच्या तासाला या प्रकरणाच्या वाट्याला बहुधा एक व्याख्या आणि एक युक्ती येते. व्याख्या अशी, की क्रियापदाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. युक्ती अशी, की विशेषणाला ‘ली’ जोडले की क्रियाविशेषण तयार होते. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. ‘व्हेरी टॉल’ मधले व्हेरी हे टॉल या विशेषणाबद्दल सांगते, क्रियापदाबद्दल नाही. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ यांच्या शेवटी ली आहे, पण ती विशेषणे आहेत. ‘फास्ट’ ला ली लागतच नाही. ‘हार्ड’ ला लावली तर अर्थच उलटतो: ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कसून काम केले, आणि ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जेमतेम काम केले. तेव्हा शब्दाच्या शेपटाकडे पाहण्यापेक्षा त्याच्या जागेकडे पाहणे अधिक उपयोगी आहे. या लेखात आपण तेच करू या.

फळ्यावरचा आरसा

एक साधे मराठी वाक्य घेऊ: ‘ती काल शाळेत सुंदर गायली.’ याचे इंग्रजी होते, ‘शी सँग ब्यूटिफुली अ‍ॅट स्कूल यस्टर्डे.’ आता दोन्ही वाक्यांतला कर्ता बाजूला ठेवा आणि क्रियापद फळ्याच्या मध्यभागी लिहा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द:

काल – शाळेत – सुंदर – गायली | सँग – ब्यूटिफुली – अ‍ॅट स्कूल – यस्टर्डे

मधल्या उभ्या रेघेवर आरसा ठेवल्यासारखी ही रचना आहे. मराठीत क्रियापद शेवटी आहे, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ आहे. परंतु क्रियापदापासूनचे अंतर दोन्हीकडे सारखेच आहे. रीत सांगणारा शब्द क्रियापदाला सर्वांत जवळ, त्यानंतर स्थळ, आणि सर्वांत दूर काळ. मराठीत हे थर डावीकडे रचलेले आहेत, इंग्रजीत उजवीकडे.

खानदेशातल्या शिक्षकांना आणखी एक साधन हाताशी आहे. मुलांची घरची बोली अहिराणी असेल, तर वाक्य अहिराणीतच घ्यावे: ‘तो रोज आठे येस.’ मराठीत ‘तो रोज इथे येतो’, आणि इंग्रजीत ‘ही कम्स हिअर एव्हरी डे.’ रोज–आठे–येस हा क्रम आरशात पाहिला की कम्स–हिअर–एव्हरी डे मिळतो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ‘खानदेशी’चा समावेश नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ल भाषांच्या भागात केलेला आहे. तिचे वर्गीकरण कसे करावे यावर पुढे बरीच चर्चा झाली. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे एवढेच, की क्रियापदाच्या जागेबाबत अहिराणी आणि प्रमाण मराठी एकाच बाजूला उभ्या आहेत. घरची बोली इंग्रजीच्या आड येते अशी समजूत असेल, तर ती येथे सोडून द्यावी. घरच्या वाक्याचा पाया पक्का असल्यामुळेच आरशाची युक्ती वापरता येते.

हा आरसा क्रियाविशेषणापुरता नाही. आपण ‘झाडाखाली’ म्हणतो, इंग्रजीत ‘अंडर द ट्री’ म्हणतात. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, त्यांचे नामाच्या पुढे. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९६३ मध्ये जगातल्या ३० भाषांची तुलना प्रसिद्ध केली. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा योगायोगाने घडेल त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आपल्यासारखी, नामाच्या मागून येणारी अव्यये वापरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे मराठी आणि इंग्रजी यांच्यातला फरक हा शेकडो सुट्या नियमांचा ढीग नाही. बराचसा फरक एकाच अदलाबदलीतून निघतो.

जवळ कोण बसणार?

रीत जवळ आणि काळ दूर, असे का? याचे एक समाधानकारक उत्तर असे, की क्रियापदाला ज्याची गरज अधिक, ते त्याच्या अधिक जवळ बसते. गाणे कसे झाले, ही गोष्ट गाण्याच्या क्रियेतच मिसळलेली आहे. ते काल झाले की परवा, ही गोष्ट क्रियेला बाहेरून चिकटते.

याची परीक्षा घेता येते. जाणे, येणे या गतिवाचक क्रियापदांना रीतीपेक्षा ठिकाणाची गरज अधिक असते. मग तेथे ठिकाण जवळ यायला हवे. तसेच होते: ‘तो पटकन घरी गेला’ आणि ‘ही वेंट होम क्विकली.’ पटकन–घरी–गेला आणि वेंट–होम–क्विकली ही जोडीही आरशात बरोबर जुळते. म्हणून ‘रीत, स्थळ, काळ’ हा क्रम मंत्रासारखा पाठ करून न घेता ‘या क्रियापदाला आधी काय हवे?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

सर्वांत जास्त गरज असते ती कर्माची. आता एक नेहमी दिसणारी चूक तपासू. ‘तो रोज दूध पितो’ याचे भाषांतर पुष्कळ मुले ‘ही ड्रिंक्स डेली मिल्क’ असे करतात. येथे मुलाने क्रियापद उचलून कर्त्याशेजारी आणले आणि उरलेले शब्द होते त्याच क्रमाने राहू दिले. आरसा न धरता नुसते क्रियापद सरकवले, म्हणून चूक झाली. आरसा धरला, तर रोज–दूध–पितो याचे ड्रिंक्स–मिल्क–एव्हरी डे होते. ‘आय लाइक व्हेरी मच मँगोज’ ही चूकही याच घरातली आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. मराठीत आपण ‘त्याने घाईने पत्र लिहिले’ असे म्हणतो आणि ‘त्याने पत्र घाईने लिहिले’ असेही म्हणतो. पहिल्याचे प्रतिबिंब ‘रोट द लेटर हरिडली’ हे बरोबर आहे. दुसऱ्याचे प्रतिबिंब ‘रोट हरिडली द लेटर’ असे होईल, आणि ते इंग्रजीत चालत नाही. मराठी नामांना विभक्तीचे प्रत्यय असल्यामुळे शब्द इकडे-तिकडे हलले तरी नाते बहुधा कळते. इंग्रजीत कर्म ओळखायचे ते बव्हंशी जागेवरून. म्हणून क्रियापद आणि कर्म यांची जोडी इंग्रजी सहसा फुटू देत नाही. कर्म फारच लांबलचक असेल, तर मात्र क्रियाविशेषण आधी येऊ शकते. विद्यार्थ्यांसाठी सूत्र एवढेच पुरे: क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरायचे नाही.

‘नॉट’ची खुर्ची

ऑफन, ऑलवेज, नेव्हर, युज्वली हे वारंवारता सांगणारे शब्द आरशाच्या नियमात बसत नाहीत. ते मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: ‘ही ऑफन कम्स लेट.’ परंतु ‘ही इज ऑफन लेट’ मध्ये ते ‘इज’च्या नंतर आहेत. ‘ही हॅज ऑफन कम लेट’ मध्ये दोन क्रियापदांच्या मध्ये आहेत. तीन वाक्ये, तीन जागा असे वाटते आणि मुले गोंधळतात.

येथे एक खूण उपयोगी पडते. त्याच वाक्याला नकारार्थी करा आणि ‘नॉट’ कोठे बसते ते पाहा. ‘ही इज नॉट लेट’, ‘ही हॅज नॉट कम’, ‘ही विल नॉट कम.’ ज्या खुर्चीवर नॉट बसतो, त्याच खुर्चीवर ऑफन आणि नेव्हर बसतात. ‘ही कम्स’ चा नकार ‘ही डज नॉट कम’ असा होतो. तेथे ‘डज’ हा केवळ नॉटसाठी बोलावलेला पाहुणा आहे. नॉट उठला की तोही जातो आणि ‘ही नेव्हर कम्स’ एवढे उरते.

नेव्हरच्या बाबतीत मराठी मुलांची आणखी एक अडचण असते. आपण म्हणतो, ‘तो कधीच येत नाही.’ ‘कधीच’ला सोबत ‘नाही’ लागते. म्हणून मुले ‘ही डज नॉट नेव्हर कम’ असे लिहितात. इंग्रजी नेव्हरच्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. मुलाला नुसते ‘चूक’ म्हणण्यापेक्षा दोन्ही वाक्ये शेजारी लिहून ‘नाही कोठे गेले?’ हे त्याला शोधू द्यावे.

चांगले आणि ‘वेल’ यांचेही असेच आहे. मराठीत ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’. हा शब्द क्रियेबद्दल सांगतो, पण विशेषणासारखा लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. मग मुलीने ‘शी सिंग्ज गुड’ लिहिले, तर ते मराठीच्या दृष्टीने तर्कसंगतच आहे. इंग्रजीने मात्र या दोन कामांसाठी गुड आणि वेल असे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत.

‘च’ आणि ‘ओन्ली’

आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. कागदाच्या पट्ट्यांवर हे वाक्य लिहा: ‘द फार्मर सोल्ड चिलीज इन दोंडाईचा यस्टर्डे.’ दोंडाईच्याचा मिरचीबाजार मुलांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे अर्थ समजावण्यात वेळ जात नाही. वेगळ्या रंगाच्या पट्टीवर ‘ओन्ली’ लिहा. बाकी वाक्य जसेच्या तसे ठेवायचे आणि ही एकच पट्टी हलवायची. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो, तसे.

‘ओन्ली द फार्मर’ म्हणजे शेतकऱ्यानेच विकली, व्यापाऱ्याने नाही. ‘ओन्ली चिलीज’ म्हणजे मिरचीच, कापूस नाही. ‘ओन्ली इन दोंडाईचा’ म्हणजे दोंडाईच्यातच, शिरपुरात नाही. ‘ओन्ली यस्टर्डे’ म्हणजे कालच. प्रत्येक वेळी मुलांनी मराठी वाक्य सांगायचे. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येते, की मराठी ‘च’ शब्दाच्या मागे चिकटतो आणि इंग्रजी ‘ओन्ली’ शब्दाच्या पुढे उभा राहतो. येथेही आरसा! आपल्याकडे बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत ‘आय केम यस्टर्डे ओन्ली’ असे ऐकू येते, त्याचे मूळ ‘मी कालच आलो’ मधल्या या ‘च’मध्ये सहज शोधता येते.

‘ओन्ली’ क्रियापदाआधी ठेवला, तर काय होते? ‘द फार्मर ओन्ली सोल्ड चिलीज’: त्याने मिरची फक्त विकली, पिकवली नाही? की फक्त मिरची विकली? बोलताना आघाताने उलगडा होतो, कागदावर होत नाही. म्हणून लिहिताना ओन्ली ज्या शब्दाला लागू करायचा, त्याच्या लगेच पुढे ठेवावा.

शब्दाची पोच आणि माणसाची शिक्षा

क्रियाविशेषणाची पोच कोठवर, हा प्रश्न न्यायालयातही जातो. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘डिसऑनेस्टली’, ‘फ्रॉड्युलंटली’ आणि ‘व्हॉलंटरिली’ या क्रियाविशेषणांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या आहेत. तीच कृती अप्रामाणिकपणे केली की नाही, यावर गुन्हा ठरतो.

अमेरिकेतील एक खटला याहून बोलका आहे. मेक्सिकोतून आलेल्या एका कामगाराने नोकरीसाठी बनावट ओळखपत्रे दिली होती. त्यांवरचे क्रमांक प्रत्यक्षात दुसऱ्या खऱ्या माणसांचे निघाले. ‘जो जाणूनबुजून दुसऱ्या व्यक्तीचे ओळखसाधन वापरील’ अशा आशयाच्या कलमाखाली वाढीव दोन वर्षांची शिक्षा होती. प्रश्न असा, की ‘नोइंग्ली’ची पोच ‘वापरील’ पर्यंतच, की ‘दुसऱ्या व्यक्तीचे’ पर्यंत? ते क्रमांक दुसऱ्या माणसाचे आहेत, हे त्याला माहीत होते हे सिद्ध करावे लागेल का? मे २००९ मध्ये फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘करावे लागेल’ असा निकाल दिला, आणि त्याचा मोठा आधार नोइंग्ली या शब्दाचे सामान्य इंग्रजी व्याकरण हाच होता.

विज्ञानाची वाक्ये

आपल्या विद्यार्थ्याला तुरुंगाचे भय नाही, पण विज्ञानातही तोच न्याय लागतो. स्थिर तापमानाला वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा बॉइलचा नियम. इंग्रजीत ‘व्हेरीज इन्व्हर्सली’. यातला ‘इन्व्हर्सली’ काढून ‘डायरेक्टली’ घातला, तर बाकी सर्व शब्द तेच राहून नियम खोटा होतो. ‘ऑल मेटल्स आर सॉलिड’ हे विधान पारा नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असल्यामुळे चूक आहे. ‘मेटल्स आर जनरली सॉलिड’ हे बरोबर आहे. जनरली, निअर्ली, अप्रॉक्झिमेटली हे शब्द विधान किती ठामपणे केले आहे ते सांगतात. ते वाक्याची सजावट नाहीत, दाव्याचे माप आहेत.

गणिताच्या शिक्षकांनाही येथे काम आहे. चारही बाजू समान असलेला चौकोन ‘इज नॉट नेसेसरिली अ स्क्वेअर’, म्हणजे तो चौरस असेलच असे नाही. ‘नॉट’ आणि ‘नेसेसरिली’ यांची अदलाबदल केली, तर तो चौरस कधी नसतोच असे खोटे विधान तयार होते. बहुपर्यायी प्रश्नांत हे दोन पर्याय एकाखाली एक येऊ शकतात. ज्याने नुसते ओळखीचे शब्द पाहिले, त्याला ते सारखेच वाटतील.

नियम सांगावा की वाक्ये ऐकवावीत?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून सुरू होई. इतकी वर्षे मिळूनही शब्दक्रमाच्या चुका टिकून राहतात, तेव्हा शिकवावे कसे हा प्रश्न खराच आहे. याबाबत कॅनडातील एक काम लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील क्वेबेक प्रांतातली फ्रेंच भाषक मुले इंग्रजी शिकताना ‘ही ड्रिंक्स ऑफन मिल्क’ या प्रकारचीच वाक्ये बनवतात, कारण फ्रेंचमध्ये क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण चालते. आपल्या मुलांची चूक दिसायला तीच, पण वेगळ्या वाटेने आलेली.

लिडिया व्हाइट यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या अशा मुलांना दोन आठवडे क्रियाविशेषणाची जागा स्पष्टपणे शिकवण्यात आली आणि चुका दाखवून देण्यात आल्या. मुले चांगली सुधारली. काही आठवड्यांनंतरही सुधारणा टिकून होती. एका वर्षानंतर मात्र ती जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. पुढे १९९३ मध्ये मार्था ट्रेही आणि व्हाइट यांनी उलटा प्रयोग केला. या वेळी नियम न सांगता दोन आठवडे बरोबर वाक्यांचा नुसता वर्षाव केला. मुले बरोबर रचना वापरू लागली, पण जुनी चुकीची रचनाही त्यांनी सोडली नाही.

आम्हाला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. काय चालत नाही, हे मुलांना कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते. नुसत्या वाचनाने ते आपोआप कळेल असे नाही. आणि एकदा सांगून झालेले प्रकरण पुन्हा पुन्हा उघडावे लागते. जून महिन्यात क्रियाविशेषण शिकवले आणि मार्चपर्यंत त्याकडे पाहिले नाही, तर ते टिकण्याची आशा धरू नये.

म्हणून हे काम इंग्रजीच्या एका शिक्षकावर न टाकता विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनी वाटून घ्यावे, असे आम्ही सुचवू. आठवड्यातून एकदा, पाच मिनिटे, विज्ञानाच्या पुस्तकातले एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहावे. त्यातल्या क्रियाविशेषणाखाली रेघ मारावी आणि तीन प्रश्न विचारावेत: हा शब्द कोणाबद्दल सांगतो? तो काढला तर विधान खरे राहते का? तो दुसरीकडे सरकवला तर अर्थ बदलतो का? उत्तरे मुलांनी मराठीत किंवा अहिराणीत दिली तरी चालतील. सुरुवातीला ‘ओन्ली’ आणि ‘नेव्हर’ हे दोनच शब्द घेतले, तरी पहिल्या सत्राला पुरेल इतके काम त्यांत आहे.